चाकं आणि मोगरी

आमच्या रो-हाउसचं पार्किंग १७ फूट लांब आणि ९ फूट रुंद आहे. त्यात गाडी, स्कूटर, लेकीची सायकल, पाण्याची मोटर आणि जिन्याखालची एक तिरकी अंधारी जागा. आठवडाभर ते पार्किंग असतं. शनिवारी दुपारी चारला मी गाडी बाहेर काढतो, तेव्हापासून रविवारी दुपारच्या जेवणापर्यंत ते माझं वर्कशॉप असतं. चारच्या आधी मशीन लावत नाही, कारण भिंतीपलीकडच्या आजी दुपारी झोपतात आणि त्यांची झोप मुळातच कमी आहे.

भोसरीतल्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात काम करतो. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू मोजायच्या आणि बरोबर की चूक ते सांगायचं. पंचवीस वर्षं हे केल्यावर आपणही हाताने काहीतरी करावं, असं मनापासून वाटायला लागलं. सुरुवात हातकरवतीने झाली. देवघराचा चौरंग, चपलांचं कपाट, आईसाठी पायाखाली घ्यायचा पाट. हातकरवतीवर माझं प्रेम आहे आणि ते राहीलच. पण १८ एमएमच्या प्लायची आठ फुटी पट्टी हाताने सरळ कापायला निघालो, की अर्ध्या वाटेवर खांदा भरून यायचा आणि रेघ एकीकडे, करवत दुसरीकडे. पट्टीच्या दोन टोकांत तीन मिलिमीटरचा फरक पडला, की तपासणी विभागातला माणूस रात्री झोपत नाही. शेवटी दहा इंची पात्याचा, उचलून नेता येईल असा टेबल सॉ घेतला. टेबलाच्या फटीतून वर आलेलं गोल पातं मोटरवर फिरतं आणि लाकूड त्याच्याकडे ढकलायचं, अशी करवत.

‘उचलून नेता येईल असा’ हे दुकानातले शब्द. मशीनचं वजन २६ किलो. जिन्याखालून वाकून बाहेर काढायचं, दोन लाकडी घोड्यांवर टाकलेल्या फळीवर चढवायचं, काम झालं की पुन्हा वाकून आत. मी ५२ वर्षांचा आहे. पहिल्या दोन महिन्यांतच कंबरेने तक्रार केली. त्याहून वाईट म्हणजे काम टळायला लागलं. पंधरा मिनिटांचं कापकाम असेल आणि मशीन काढण्या-ठेवण्यात अर्धा तास जाणार असेल, तर ‘पुढच्या शनिवारी बघू’ असं आपोआप तोंडून निघतं. लेकीच्या अभ्यासाच्या टेबलाचं लाकूड असं चार शनिवार भिंतीला टेकून उभं होतं. तेव्हा ठरवलं, मशीनला गाडा करायचा.

पहिला गाडा मी चार दिवसांत केला. १८ एमएम प्लायची पेटी आणि तिच्या चार कोपऱ्यांना तीन इंची फिरती चाकं. चाकं रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणली, चारही ब्रेकवाली. दुकानदाराने एक चाक गिऱ्हाइकांच्या टेबलावर फिरवून दाखवलं, ब्रेकची पट्टी अंगठ्याने दाबली, चाक थांबलं. मला एवढंच पाहायचं होतं. घरी आल्यावर गाडा एका बोटाने ढकलला तर सुळकन गेला. लेक त्यावर बसून पार्किंगभर फिरून आली. गाडा झाला म्हणून मी खूश होतो, आणि ती खुशी खोटी नव्हती. माझ्या कंबरेला त्या शनिवारी खरंच सुट्टी मिळाली.

पण पहिल्याच आठवड्यात हाताला काहीतरी जाणवत होतं. ब्रेक लावलेले असतानाही लाकूड पुढे ढकललं की सगळा गाडा अर्धा इंच सरकायचा, मग थांबायचा. दर वेळी तेवढाच. मी ब्रेक आणखी घट्ट दाबले, चाकं पुसली, फरक पडला नाही. कारण शोधायला मी तेव्हा थांबलो नाही. आज ते कागदावर काढून दाखवू शकतो. फिरत्या चाकाचा दांडा आणि चाक जिथे जमिनीला टेकतं तो बिंदू एका ओळंब्यात नसतात. चाक दांड्याच्या थोडं मागे असतं, म्हणून तर ते ढकललेल्या दिशेला आपोआप वळतं. साधा ब्रेक चाकाचं गोल फिरणं थांबवतो. त्याचं दांड्याभोवती वळणं थांबवत नाही. मग चारही चाकं लॉक असली तरी गाडा त्या चार बिजागऱ्यांवर डावीकडे-उजवीकडे, मागेपुढे डोलू शकतो. कपाट असतं तर या अर्ध्या इंचाने काही बिघडलं नसतं. पण या टेबलाच्या मधोमध एक पातं फिरत होतं.

त्या पात्याचा एक हिशेब मी मुद्दाम करून ठेवला आहे. व्यास २५४ मिलिमीटर, म्हणजे परिघ जवळजवळ ८० सेंटिमीटर. मिनिटाला ३६५० फेरे. म्हणजे दात्याचं टोक सेकंदाला ४८ मीटरच्या वर धावतं. ताशी सुमारे १७५ किलोमीटर. पुढच्या बाजूचे दाते खाली जाताना लाकूड टेबलावर दाबतात, ते आपल्या भल्याचं. मागच्या बाजूचे दाते वर येत असतात. कापलेलं लाकूड तिरकं होऊन त्या मागच्या दात्यांवर चढलं, की पातं ते उचलतं आणि कापणाऱ्याच्या दिशेने फेकतं. हे होऊ नये म्हणून पात्याच्या मागे, त्याच्याच जाडीच्या जवळपास एक पोलादी पट्टी असते. कापलेल्या दोन भागांना ती पात्यावर मिटू देत नाही. आदल्या दिवशी ड्रॉवरच्या तळासाठी खाच पाडताना मी ती पट्टी काढली होती आणि परत लावली नव्हती. ही चूक पूर्ण माझी.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला दीड फुटी तुकडा कापत होतो. तुकड्याचा शेवटचा चार इंच भाग राहिला असताना मी जरा जोर दिला, गाडा सरकला, डाव्या पुढच्या चाकावर किंचित वळला आणि लाकूड ज्या मार्गदर्शक पट्टीला टेकवून सरळ सरकवतात, तिच्यापासून माझा हात ते सोडवून गेला. पुढचं मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. माझ्या उजव्या कुशीपासून हातभर अंतरावरून तुकडा गेला आणि मागच्या शटरवर आदळला. शटरला आजही खोक आहे. पात्याच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, डाव्या अंगाला राहायचं, ही एकच गोष्ट मी पहिल्या दिवसापासून पाळली होती. तेवढ्यावर वाचलो.

वरून बायकोने विचारलं, “काय पडलं?” मी म्हटलं, “लाकूड.” मग मशीन बंद करून बराच वेळ स्कूटरच्या सीटवर बसून राहिलो. हात थरथरत नव्हते, पण बोटं मोजावीशी वाटली आणि मी ती मोजली. दहा होती. संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, खाली जाऊन शटरची खोक बघून आली आणि मशीनची पिन काढून वायर गुंडाळून ठेवली. ती वायर पुढचे कित्येक आठवडे मी उलगडली नाही.

दिवाळीनंतर जळगावला गेलो, आईला घेऊन. कार्तिकी एकादशीपर्यंत राहायचं ठरलं होतं, रथासाठी. जळगावच्या माणसाला ‘रथ’ म्हटलं की पुढे कुठला ते सांगावं लागत नाही. जुन्या जळगावातल्या श्रीराम मंदिराचा रथ, अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेला. सकाळी निघतो आणि गावातून फिरून परत यायला रात्र होते. वाटेत भिलपुऱ्यात लालशाबाबांच्या समाधीपाशी थांबतो, तिथे चादर चढवली जाते, मग पुढे जातो. लहानपणी मी मामांच्या खांद्यावर बसून तो पाहिला आहे आणि तेव्हा मला फक्त वर दिसायचं. झेंडूच्या माळा, केळीचे खांब, घोडे, सगळ्यात वर कळस.

त्या वर्षी मी खाली पाहिलं. पाच आठवडे डोक्यात चाकं फिरत होती, म्हणून नजर आपसूक चाकांवर गेली. लाकडी रथ, प्रचंड वजन. पुढे दोर धरलेली शेकडो माणसं. या रथाला सुकाणू नाही, ब्रेक नाही. जुन्या गावाच्या गल्ल्या, वळणं, दोन्ही बाजूंना माणसांनी भरलेले ओटे. हा रथ वळतो कसा आणि थांबतो कसा, याचं उत्तर चाकांशी वाकून चालणाऱ्या थोड्या माणसांच्या हातात असतं. त्यांच्या हातात असते मोगरी. उतरत्या तोंडाचा जड लाकडी ठोकळा. थांबवायचं असेल तर ती चाकाखाली सरकवायची. वळवायचं असेल तर एकाच बाजूच्या चाकाला लावायची, म्हणजे ते चाक अडतं, दुसरं पुढे जातं आणि रथाचं तोंड फिरतं. दोर ओढणाऱ्यांना पुढचं काही ठरवता येत नाही. रथ कुठे जाईल हे मोगरीवाला ठरवतो.

माझे मामा तरुणपणी बरीच वर्षं मोगरी लावायचे. आता ते ७४ वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, म्हणून ओट्यावर खुर्ची टाकून रथ बघतात. मी शेजारी उभा होतो. रथ आमच्या ओट्यासमोर येऊन थांबला, चाक अगदी दोन हातांवर. मामांची नजर वर गेलीच नाही. ते मोगरीवाल्या पोराचे पाय बघत होते. पोराने मोगरी सरकवली, हात काढला, पाय काढला, बाजूला झाला. चाक तिच्यावर किंचित चढलं, करकरलं आणि बसलं. मामांनी तेव्हा कुठे श्वास सोडला.

रात्री जेवताना आईने शटरची गोष्ट काढली. बायकोनेच तिला सांगितली होती. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मशीन कसलं, पातं केवढं हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “काम करतानाही तुझा गाडा चाकांवरच उभा असतो का?”

“हो. पण ब्रेक आहेत चाकांना.”

“म्हणजे चाकांवरच.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “न्यायला चाकं ठीक आहेत रे. उभं राहायला पाय नकोत का?”

परत निघताना त्यांनी मला परड्यात नेलं. मोडीत निघालेल्या बैलगाडीचं एक जुनं बाभळीचं लाकूड तिथे पडलेलं होतं, हातभर लांब, उन्हापावसाने काळं झालेलं. ते घेऊन जा म्हणाले. बाभूळ खानदेशात गाड्याच्या कामाला पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. जड, चिवट आणि मार खाऊन न फुटणारं लाकूड. सामानात त्याचं वजन कपड्यांपेक्षा जास्त भरलं.

पुण्यात आल्यावर मी पहिला गाडा पुरता सोडवला. या वेळी चाकांपासून सुरुवात केली नाही, जमिनीपासून केली. पार्किंगची फरशी डोळ्यांना सपाट दिसते, पण पाणी फाटकाकडे वाहावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरली, एक टोक लेकीच्या हातात दिलं आणि मोजलं. आठ फुटांत सव्वा इंच. माझ्या गाड्याच्या पायांमधलं अंतर २२ इंच, म्हणजे एका पायापासून दुसऱ्यापर्यंत साधारण ७ मिलिमीटरची घसरण. लेकीला हे आवडलं. नळीत पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीवर का राहतं हे तिने शाळेत पाठ केलं होतं. तिथे ते तिच्या हातात होतं.

मग उंची. टेबल सॉच्या टेबलाची उंची किती असावी याचे आकडे पुष्कळ सापडतात, पण उंची आपल्या अंगाने ठरवावी असं माझं स्पष्ट मत आहे. मी सरळ उभा राहून हात सोडले आणि मनगटाची घडी जमिनीपासून मोजली. साडेतेहतीस इंच भरली. स्वयंपाकघराचा ओटा ३४ इंच, तिथे कणीक मळायला मला वाकावं लागत नाही आणि खांदेही उचलावे लागत नाहीत. मशीनची स्वतःची उंची १३ इंच. म्हणून गाडा २१ इंच. खूप उंच टेबलावर हात लाकूड वरून दाबू शकत नाहीत, खूप खाली असलं तर माणूस पात्यावर ओणवा होतो. दोन्ही वाईट.

सांगाड्याला पुन्हा १८ एमएमचा प्लायच घेतला, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून, पाण्याला टिकणारा बीडब्ल्यूआर. आमच्या पार्किंगमध्ये जुलैत पावसाची झड आतपर्यंत येते आणि साधा प्लाय कडेने पाणी पिऊन फुगतो. लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावा असं मित्राने सुचवलं होतं. मजबूत झाला असता यात शंका नाही. पण मला चुकलं तर उकलता येईल असं हवं होतं, आणि प्लाय थरथर थोडी गिळतो, लोखंड ती वाजवून परत देतं. पायांना दोन-दोन थर चिकटवले, म्हणजे ३६ एमएम जाडी. चिकटवून रात्रभर शिकंज्यात ठेवले. चौकट जोडताना गुण्या तर लावलाच, पण भरवसा ठेवला कर्णांवर. दोन्ही कर्ण मोजले तेव्हा दीड मिलिमीटरचा फरक निघाला. डिंक ओला होता तोवर लांब कर्णाला शिकंजा लावून हळूहळू आवळलं, तो फरक गेला.

आता चाकं. फक्त दोन, पाच इंची रबरी, सरळच चालणारी, बाजूला न वळणारी. ती गाड्याच्या एका बाजूला, पायांच्या बाहेर तीन इंचांवर बसवली आणि मुद्दाम जमिनीपासून ३ मिलिमीटर वर ठेवली. गाडा उभा असताना चाकं हवेत. समोरच्या बाजूला दोन दांडे, हातगाडीला असतात तसे. दांडे इंच-सव्वा इंच उचलले की आधी चाकं जमिनीला लागतात, आणखी उचलले की चाकांकडचे पायही सुटतात आणि गाडा चालायला लागतो. खाली ठेवला की चाकांचा काही संबंध उरत नाही, सगळं वजन पायांवर.

हे वजन किती, तेही सांगतो, कारण इथे बरेच जण घाबरतात. मशीन २६ किलो, गाडा १६, आणि तळाच्या फळीवर वाळूच्या दोन पिशव्या, मिळून १२ किलोच्या. एकूण ५४. पण दांड्याशी उभा असलेला माणूस ५४ किलो उचलत नाही. चाकांच्या आसापासून वजनाचा मध्य ११ इंचांवर येईल असं मशीन बसवलं, मोटरची जड बाजू चाकांकडे. आसापासून दांड्याचं टोक ३२ इंचांवर. ५४ ला ११ ने गुणा, ३२ ने भागा. हातावर येतात साडेअठरा किलो. तेही उभ्याने, गुडघ्यांतून, वाकून नाही. वाळू कशाला असं बायकोने विचारलं. लाकूड ढकलताना आपण ३४ इंच उंचीवर जोर लावतो, आणि उंचावर लावलेला जोर गाड्याला उलथवू पाहतो. खालचं वजन त्याला धरून ठेवतं.

पाय चार असले की असमान जमिनीवर एक हलतो. तिपाई कधी हलत नाही, कारण कुठल्याही तीन बिंदूंतून एक सपाटी जातेच. हे शाळेत शिकलेलं मला पन्नाशीनंतर उपयोगी पडलं. गाड्याला मी तीनच पाय दिले. प्रत्येक पायाच्या तळाला एम-१२ चा, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचा बोल्ट आणि त्याखाली मोटारसायकलच्या जुन्या टायरमधून कापलेली रबरी चकती. या बोल्टची एक फेरी म्हणजे पावणेदोन मिलिमीटर. उताराचे ७ मिलिमीटर भरून काढायला बरोबर चार फेऱ्या लागल्या. पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध आला, लेकीने टाळी वाजवली.

आणि चौथा कोपरा? तीन पायांवरचा गाडा डुगडुगत नाही, पण मोकळ्या कोपऱ्यावर जोर आला तर कलंडू शकतो. तिथेही बोल्ट लावता आला असता. पण मी मशीन दोन जागी वापरतो. लांब पट्टी असली तर फाटकाजवळ, पावसाळ्यात आत जिन्याकडे. दोन्हीकडची फरशी वेगळी. दर वेळी खाली बसून पान्याने बोल्ट फिरवायचा म्हणजे एक दिवस कंटाळा येणार, आणि ज्या दिवशी कंटाळा येईल तो दिवस धोक्याचा. चौथ्या कोपऱ्यात मी मामांच्या बाभळीची मोगरी लावली.

ती करायला एक अख्खा रविवार गेला, आणि या सगळ्या कामातला तो मला सर्वांत प्रिय दिवस. वरचा काळा थर रंध्याने गेला तेव्हा आतून तांबूस-तपकिरी लाकूड निघालं, इतकं घट्ट की रंध्याचं पातं तीनदा परजावं लागलं. लांबी २४ सेंटिमीटर, एका टोकाला जाडी ६ मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला ३०. म्हणजे दहास एकचा उतार. हा उतार अंदाजाने घेतलेला नाही. फार उभी पाचर वजन आलं की मागे निसटते. उतार इतका कमी हवा, की लाकडाचं घर्षणच तिला धरून ठेवेल. दहास एकला ती धरते. तरी मोटरच्या थरथरीने हळूहळू सुटू नये म्हणून तिच्या तळालाही टायरचं रबर चिकटवलं. जाड टोकाला भोक पाडून सुती दोरी ओवली आणि गाड्याला बांधली, म्हणजे ती हरवत नाही. लावायची कशी, तर कोपऱ्याखाली ठेवायची आणि बुटाच्या टाचेने आत सारायची. कोपरा हाताने हलवून बघायचा. हलला तर आणखी एकदा.

पात्यामागच्या पोलादी पट्टीचंही एक ठरवलं. मोजपट्टी, ढकलकाठी, पान्हे, चष्मा, मास्क या सगळ्यांना गाड्यावर जागा केल्या, पण काढलेल्या पट्टीसाठी कुठेही खिळा, खण, खाच ठेवली नाही. काढली तर ती हातातच राहते, नाहीतर टेबलावर वाटेत पडून राहते. परत लावेपर्यंत काम अडतं. ते अडायलाच हवं.

ही गोष्ट करताना एका माणसाची मला वारंवार आठवण व्हायची. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातले स्टीव्ह गॅस. पेटंटचे वकील, भौतिकशास्त्रातली डॉक्टरेट आणि हौसेने सुतारकाम करणारे. बोट लागताच पातं थांबवता येईल का, असा प्रश्न त्यांना १९९९ साली आपल्या वर्कशॉपमध्ये पडला आणि त्यांनी तो सोडवला. त्वचा वीज वाहते, कोरडं लाकूड फारशी वाहत नाही. पात्यात एक बारीक विद्युत संकेत सोडलेला असतो, बोट लागलं की तो बदलतो, आणि ५ मिलिसेकंदांच्या आत पातं थांबतं. बोटाऐवजी सॉसेज वापरून ते हे दाखवायचे, आणि पुढे स्वतःचं बोटही त्यांनी लावून पाहिलं. माझं मन गुंतलं ते थांबवण्याच्या रीतीत. एक अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा स्प्रिंगच्या जोराने फिरत्या दात्यांत घुसतो आणि पातं त्याच्यात रुततं. ताशी पावणेदोनशे किलोमीटरचं चाक, आणि त्याच्या पुढ्यात सरकवलेला एक ठोकळा. हे वाचलं तेव्हा मी मामांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे मोगरीच की.”

माझ्या मशीनमध्ये ती सोय नाही. म्हणून काही गोष्टी मी देवाच्या नियमासारख्या पाळतो. हातमोजे नाहीत, सैल बाही नाही. पातं लाकडाच्या वर बोटभरही काढायचं नाही, दाते जेमतेम बाहेर दिसतील इतकंच. पात्यापासून वीतभर अंतरात हात जाणार असेल तर ढकलकाठी. आणि मास्क. लाकडाच्या धुळीला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ सालीच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, हे फार थोड्या सुतारांना माहीत असतं. आमच्याकडे घरी फर्निचर करायला येणारी मुलं नाकाला रुमालही न बांधता दिवसभर त्या धुळीत उभी असतात. त्यांना मी मास्क देतो. काही जण लावतात.

दुसरा गाडा झाल्यावर वायर उलगडायला मला तरीही दोन शनिवार लागले. तिसऱ्या शनिवारी बायको स्वतः खाली आली. तिने दांडे धरून गाडा जिन्याखालून काढला, फाटकाशी आणून ठेवला आणि दोन्ही हातांनी टेबल सगळ्या बाजूंनी हलवून बघितलं. मग बाजूला होऊन म्हणाली, “कर आता.” पहिला काप मी एका भंगार पट्टीवर घेतला. पाय जमिनीत रोवल्यासारखे होते. लाकूड पुढे गेलं आणि फक्त लाकूडच पुढे गेलं. हे लिहिताना साधं वाटतं. तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

फाटकाजवळच्या जागेवर तीन पायांखाली गेरूचे तीन ठिपके काढले आहेत. पाऊस ते धुऊन नेतो, मी पुन्हा काढतो. ऑइल पेंटचे काढ असं सगळे सांगतात, पण गेरूच बरा वाटतो. गाडा त्या ठिपक्यांवर ठेवला की बोल्टला हात लावावा लागत नाही.

लेकीचं टेबल जानेवारीत झालं. सागवानाची चौकट, वर प्लाय आणि सागाचं विनिअर. तिने स्वतः मोजमापं काढली, कापताना ती पलीकडे उभी राहून कापलेली पट्टी नुसती आधाराला धरायची, ओढायची नाही. मशीनचं बटण दाबायला मी तिला अजून देत नाही, ते बारावीनंतर बघू. पण गाडा आणायचं काम आता तिचं आहे. परवा ड्रॉवरच्या पट्ट्या कापायच्या होत्या. तिने गाडा ठिपक्यांवर आणला, टाचेने मोगरी सारली आणि ओरडली, “बाबा, मोगरी लावली!”

मी चष्मा शोधत होतो. तिने कोपरा हलवून पाहिला असावा, कारण लगेच दुसरी हाक आली.

“थांब, सुटतेय थोडी.”

टाचेचा एक ठोका ऐकू आला, मग आणखी एक.

“आता ये.”